गाळलेला रकाना

या प्रकरणात रकानेबुवांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे त्यांच्याविषयी उगाच कुणाचा जीव कळवळायला नको. पडणार होती कायमची नोकरी. तिच्यासोबत खिडकीकडची जागा, जिथे बसलं की मागून कुणाला आपला कॉम्प्युटरचा पडदा दिसत नाही. आणि सासूबाईंच्या तोंडचा एक शब्द गळणार होता. पाहुण्यांना जावयाची ओळख करून देताना त्या म्हणत, "हे सध्या मेंदूच्या विभागात असतात." तो 'सध्या' त्या असा उच्चारत, की ऐकणाऱ्याला वाटावं, जावई आता पुढच्या स्टॉपवर उतरणार.

रकानेबुवा हे नाव विभागाने ठेवलेलं. माणसाला मशिनमध्ये झोपवायचं, मशिनने त्याच्या मेंदूची एकामागून एक चित्रं काढायची, आणि त्या चित्रांतून निघालेल्या आकड्यांसाठी बुवांनी मॉडेल, म्हणजे कारणांच्या रकान्यांचा एक तक्ता, मांडायचं, अशी तिथली कामाची वाटणी होती. मेंदूचा कण अन् कण क्षणोक्षणी एक आकडा देतो आणि तो आकडा वरखाली होत राहतो. का झाला, याचं श्रेय कुणाला द्यायचं, एवढंच मॉडेलने ठरवायचं. डोकं हललं म्हणून? त्याला एक रकाना. मशीन तापत गेलं म्हणून? त्यालाही एक. सांगितलेलं काम माणसाने मनातल्या मनात केलं म्हणून? त्याचा एक, आणि सगळे डोळे लावून बसतात ते त्याच्याकडे. शिवाय एकाच माणसाला वेगवेगळ्या दिवशी आणलं असेल तर दर खेपेचा स्वतःचा एक रकाना, कारण मशीनही रोज सारखं उठत नाही. एखाद्या दिवशी सगळं चित्रच जरा उजळ, एखाद्या दिवशी मंद. ज्या कारणाला रकाना दिला नाही, त्याचं श्रेय गुपचूप शेजारच्या रकान्याच्या नावावर चढतं. यात नवल काही नाही. घरोघरी हेच चालतं.

बुवा याबाबतीत इतके सोवळे होते, की चहाच्या टेबलावर कुणी म्हणालं, "काल झोप लागली नाही," तर हे विचारायचे, "उशी नवीन होती का?" मोठ्या मॅडम हसायच्या. मोठ्या मॅडम म्हणजे विभागाच्या प्रमुख. हुशार बाई, बोलायला गोड, आणि आपल्या म्हणण्याला आधार मिळेपर्यंत समोरच्याला चहा पाजत राहणाऱ्या.

त्यांच्याकडे मास्तर आले ते स्ट्रेचरवरून.

मास्तर पोहायला शिकवायचे. अर्ध्या गावाला त्यांनी पाण्यात ढकललं होतं आणि एकालाही बुडू दिलं नव्हतं. स्वतः पडले ते काठावर, कोरड्या फरशीवर, शिटी तोंडात असताना. हृदय थांबलं, मग लोकांनी छातीवर दाबून ते चालू केलं, पण मधल्या वेळात मेंदूला जे सोसावं लागलं ते लागलंच. तेव्हापासून डोळे उघडे, नजर छताला, आणि बोलावलं तर उत्तर नाही. घशात भोक, पोटात नळी.

त्यांच्या बायकोला वॉर्डात सगळे वहिनी म्हणत, कारण मास्तरांची धाकटी बहीण तिला तशी हाक मारायची आणि बहिणीचा आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा. बहीण म्हणजे ताई. वहिनींची लाँड्री होती. दिवसभर लोकांच्या कपड्यांवर इस्त्री फिरवायच्या आणि संध्याकाळी येऊन नवऱ्याच्या चादरीच्या सुरकुत्या हाताने सरळ करायच्या. पुन्हा छातीत संसर्ग झाला तर श्वासाच्या यंत्रावर घालायचं का, असं वॉर्डच्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, "नको. पुरे झालं त्याला."

ताई तिथेच उसळल्या. "पुरे झालं कुणाला? त्याला की तुला?"

"ताई, तुम्ही रात्री घरी जाता. मी त्याचा घसा साफ करताना त्याच्या तोंडाकडे बघते."

"मग नीट बघ. दादा ऐकतो. मी आले की त्याच्या पापण्या हलतात."

"तुम्ही आलात की माझ्याही हलतात."

असं ते भांडण भिजत पडलेलं असताना मोठ्या मॅडमनी मध्ये हात घातला. ज्यांना हलता-बोलता येत नाही त्यांच्यापैकी काहींना ऐकू येतं, समजतं, हे शोधण्याची त्यांची एक पद्धत होती. कानात हेडफोन घालायचे. आवाज म्हणणार, 'पोहा', की माणसाने मनात हात मारायचे. आवाज म्हणणार, 'थांबा', की स्वस्थ पडायचं. हालचालीची कल्पना केली की डोक्याच्या टाळूखालचा एक भाग जागा होतो. पोहण्याच्या वेळी तो उजळला आणि थांबण्याच्या वेळी विझला, तर आत कुणीतरी आहे. पोहणाऱ्या माणसाला 'पोहा' सांगायचं! मॅडमना हा पेशंट म्हणजे सोन्याहून पिवळा.

एका खेपेत आकडे पुरत नाहीत, म्हणून मास्तरांना पुन्हा पुन्हा आणलं. सुरुवातीच्या खेपा निमूट पार पडल्या. मग मशीनची डोक्याभोवती बसवायची, चित्रासाठी मेंदूचे संकेत टिपणारी जुनी कॉइल बिघडली आणि नवी आली. त्याच सुमारास मास्तरांना खोकल्याची उबळ येऊ लागली, मशिनमध्ये फार वेळ ठेवता येईना. तेव्हा मॅडमनी सांगितलं, "थांबायचे तुकडे कमी करा. आपल्याला पोहणं हवंय." तसं केलं गेलं. जुन्या कॉइलच्या खेपांत पोहणं आणि थांबणं सारखं. नव्या कॉइलच्या खेपांत जवळजवळ नुसतंच पोहणं.

बुवांनी सगळ्या खेपा एकामागे एक जोडल्या, प्रत्येकीला तिचा रकाना दिला, आणि मॉडेल चालवलं. टाळूखाली अंधार.

मॅडम त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. "बुवा, हे खेपांचे रकाने कशाला?"

"दर खेपेची पातळी वेगळी असते, मॅडम."

"पण चित्रांचा उजेड तुम्ही आधीच सारखा करून घेतलाय ना? पूर्ण मेंदूची सरासरी प्रत्येक खेपेला एकच. मग तोच मळ दोनदा धुताय. कापड फाटेल."

"सरासरी सारखी आहे, हो."

"मग? काढून बघा. सक्ती नाही. आणि हो, तुमच्या कायम होण्याचा कागद या आठवड्यात वर जातोय. एखादा चांगला निकाल सोबत असला की बरं दिसतं." एवढं बोलून त्यांनी चहा सांगितला.

इथे बुवांनी एक गोष्ट तपासायला हवी होती, आणि ती त्यांच्याशिवाय कुणाला सुचलीही नसती: सरासरी सारखी असली तरी नवी कॉइल उजेड कुठे पाडते? नवी उशी हो, दुसरं काय. लोकांना उशी विचारणाऱ्या माणसाने इथे मात्र विचारली नाही. रकाने काढले. टाळूखालचा भाग असा उजळला, की शेजारच्या टेबलावरची माणसं उठून बघायला आली.

मॅडमनी ते चित्र स्वतः वहिनींना दाखवलं. राखाडी मेंदू, वर लालपिवळा ठिपका. "हे पोहतायत," त्या म्हणाल्या.

ताई रडत सुटल्या आणि रडतारडताच म्हणाल्या, "बघ! बघ! आणि तू म्हणत होतीस पुरे!"

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं, मग उचललं, जणू कुणाला झोपेतून उठवायचं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी वॉर्डात जाऊन आधीचा नकार मागे घेतला. जे काही करता येईल ते करा, म्हणाल्या.

तेव्हापासून जे जे करता येतं ते मास्तरांना केलं गेलं. छाती भरली, श्वासाच्या यंत्रावर घातलं, उतरवलं, पुन्हा घातलं. पाठीला जखमा पडल्या, त्या खरवडून साफ केल्या. वहिनींनी लाँड्री भाचीच्या हाती सोपवली आणि दिवसभर पलंगाशी बसू लागल्या. कोणाचं पोर पाण्यात उतरलं, तलावाची फरशी बदलली, सगळं सांगू लागल्या. उजव्या पायाचं रक्त थांबून तो काळा पडायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी घोट्याच्या वर कापावा लागेल असं सांगितलं. वहिनींनी सही करण्याआधी डॉक्टरांना बाहेर थांबायला सांगितलं आणि नवऱ्याच्या कानाशी वाकून बराच वेळ काहीतरी बोलल्या. मग सही केली.

इकडे मॅडमचा लेख छापायला स्वीकारला गेला. बुवांचा कागद वर गेला. सासूबाई नव्या सुनेच्या माहेरच्यांना सांगताना 'सध्या' म्हणता म्हणता अडखळल्या.

मग वहिनी एक दिवस विभागात आल्या आणि मॅडमसमोर उभ्याच राहिल्या. "त्याला ऐकू येतं ना? मग मला एक विचारायचंय."

"विचारा की."

"तुम्हाला नाही. त्याला." त्यांनी घसा साफ केला. "पुढे चालू ठेवायचं असेल तर पोह. नको असेल तर स्वस्थ पड. इतकंच. तो पाय कापला तेव्हापासून मला झोप नाही. मी ठरवायचं आणि त्याने भोगायचं, हे काही खरं नाही."

ताई सोबत होत्याच. त्या म्हणाल्या, "विचार, विचार. तो हो म्हणणार. दादाने कधी शर्यत अर्ध्यात सोडली नाही."

मॅडमना हे आयतंच मिळालं. नुसतं ऐकू येतं यापेक्षा प्रश्नाला उत्तर देतो, हा निकाल केवढा मोठा! वहिनींच्याच आवाजात प्रश्न ध्वनिमुद्रित केला. 'नको असेल तर' पाशी त्यांचा आवाज फुटायचा, म्हणून पुन्हा पुन्हा घ्यावा लागला.

त्या दिवशी मास्तरांना मशिनमध्ये सरकवल्यावर हेडफोन चढवायच्या आधी मशीनवाल्याने नेहमीप्रमाणे थोडा वेळ चाचणी म्हणून चित्रं काढली. मग हेडफोन, मग प्रश्न. दोन्हींचे आकडे बुवांकडे आले.

बुवांनी आधी प्रश्नाची खेप एकटीच तपासली. प्रश्नानंतरचे उत्तराचे, म्हणजे 'पोहा'चे तुकडे आणि थांबायचे तुकडे या वेळी सारखे होते, कारण मास्तर खोकले नव्हते. टाळूखाली काही नाही. मग मॅडमच्या सांगण्याप्रमाणे ती जुन्या खेपांना जोडून, खेपांच्या रकान्यांशिवाय चालवली. लखलखाट. मास्तर पोहतायत. पुढे चालू ठेवायचंय.

बुवा त्या दोन चित्रांकडे बघत बसले. मग त्यांनी ती चाचणीची चित्रं घेतली, ज्या वेळी कानात हेडफोनसुद्धा नव्हते. त्यांच्यावर खोटंच 'पोहा' असं लिहिलं आणि जुन्या खेपांना जोडली.

मास्तर पोहत होते.

कुणी काही सांगितलं नव्हतं, कुणी काही विचारलं नव्हतं, तरी लखलखाट तोच, तिथेच. बुवांनी शेवटी ते केलं जे आधी करायला हवं होतं: जुन्या आणि नव्या कॉइलची चित्रं शेजारी ठेवली. पूर्ण मेंदूची सरासरी सारखीच. फक्त नवी कॉइल टाळूपाशी जास्त उजेड पाडत होती आणि खाली कमी. आणि नव्या कॉइलच्या वेळी जवळजवळ सगळंच 'पोहा' होतं. कॉइलचा उजेड पोहण्याच्या नावावर चढला होता. त्याला स्वतःचा रकाना होता तोवर तो तिकडे जाऊन बसत होता. रकाना काढला आणि तो बेघर उजेड मास्तरांच्या नावावर राहायला आला.

बुवा मॅडमकडे गेले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा चित्रं पाहिली. त्या मूर्ख नव्हत्या. पहिल्यांदा पाहतानाच त्यांना कळलं होतं.

"मग आता काय सांगायचं म्हणता? स्वस्थ पडले म्हणून? तर ती बाई समजेल, त्याने मरण मागितलं."

"तेही खोटं होईल."

"झालं तर. एक खोटं त्याला जिवंत ठेवतं, दुसरं मारतं. मला विचाराल तर हे भांडं झाकलेलंच बरं. लेख छापून येऊ दे, मग सावकाश दुरुस्ती पाठवू. तुमचा कागद अजून वरच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बुवा लाँड्रीत गेले. एवढं मात्र त्यांच्या नावावर जमा धरायला हवं: ते गेले.

वहिनी त्या दिवशी दुकानात होत्या, निकालाची वाट बघताना पलंगाशी बसवेना म्हणून. समोर कुणाचातरी पांढरा शर्ट पसरलेला. बुवांनी सरळ सांगितलं. रकाने, कॉइल, उजेड. वहिनींनी इस्त्री उभी करून ठेवली.

"म्हणजे तो हो म्हणाला नाही."

"नाही."

"नको म्हणाला?"

"तेही नाही."

"मग काय म्हणाला?"

"वहिनी, आम्हाला त्यांना काही विचारताच आलं नाही. तेव्हाही नाही आणि आताही नाही. आत कुणी आहे की नाही, यातलं काहीच आम्हाला कळलेलं नाही."

वहिनींनी शर्टाची एक बाही हाताने सरळ केली. "पाय कापायच्या आधी मी त्याला विचारलं होतं. त्याच्या कानाशी. म्हटलं, अरे, पाय जाईल, पण तू राहशील. चालेल ना? तुमच्या त्या ठिपक्याच्या भरवशावर विचारलं. आणि मला वाटलं, तो चालेल म्हणाला." त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही कधी पोहलायत का हो?"

"नाही."

"वाटलंच."

इस्त्री पुन्हा उचलत त्या म्हणाल्या, "मी त्याला आता सोडवणार. पण ताई माझं ऐकणार नाहीत. त्यांच्यासाठी यंत्र बोललं तो शेवटचा शब्द. तुम्ही चला आणि हे जसंच्या तसं त्यांच्यासमोर सांगा. माझ्यासाठी एवढं कराल?"

"येतो," बुवा म्हणाले. आणि म्हणताना त्यांच्या मनात तसंच होतं, यात शंका नाही. दुकानाच्या दारात माणसं बरीच शूर असतात.

बैठक वॉर्डच्या डॉक्टरांच्या खोलीत झाली. डॉक्टर, मॅडम, वहिनी, ताई, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बुवा. आत येण्याआधी जिन्यात मॅडमनी त्यांना सहज सांगितलं होतं, "कागद आला हं खाली. सही झालीये. संध्याकाळी घेऊन जा माझ्याकडून."

वहिनींनी डॉक्टरांना सांगितलं, की आता पुढे यंत्र नको, सुया नकोत, छाती भरली तर भरू दे.

ताई उठूनच उभ्या राहिल्या. "त्याने उत्तर दिलंय! मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, तो पोहला म्हणून?"

मॅडमनी बुवांकडे पाहिलं. वहिनींनीही बुवांकडे पाहिलं.

"सांगा ना," वहिनी म्हणाल्या. "दुकानात सांगितलंत ते."

बुवांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मॉडेलमध्ये थोडी अनिश्चितता आहे," ते म्हणाले.

"अनिश्चितता म्हणजे?" ताई त्यांच्यासमोर येऊन उभ्या. "म्हणजे तो हो म्हणालाच नाही, असं आहे का?"

"तसं... ठामपणे नाही म्हणता येणार."

"म्हणजे म्हणाला असेल!"

"ठामपणे काहीच..."

"ऐकलंस?" ताई वहिनींकडे वळल्या. "म्हणाला असेल!"

वहिनी बुवांकडे बघत राहिल्या, रागाने नव्हे. एखादा डाग धुऊन जाईल की राहील, याचा अंदाज घेतात तसं. मग त्यांनी डॉक्टरांकडून कागद ओढून घेतला आणि सही केली.

मास्तरांची छाती त्यानंतर लवकरच भरली. श्वासाचं यंत्र आणलं नाही. वहिनी पलंगाशी बसून होत्या, पण आता काही सांगत नव्हत्या. आवाज फक्त मास्तरांच्या श्वासाचा, बुडबुड्यांसारखा. तो ऐकून पलीकडच्या पलंगावरच्या बाईने कानात बोटं घातली. ज्या माणसाने कुणाला बुडू दिलं नाही, तो कोरड्या पलंगावर पुष्कळ वेळ बुडत राहिला.

अंत्यविधीला ताई आल्या, वहिनींच्या शेजारी उभ्या राहिल्या नाहीत. जमलेल्यांपैकी प्रत्येकाला त्यांनी एकच वाक्य सांगितलं: "माझा भाऊ मशिनमधून सांगत होता, मला जगायचंय म्हणून. आणि हिने सही केली." पुढे ते वाक्य तलावावर गेलं, लाँड्रीच्या गिऱ्हाइकांत गेलं. काही जणांनी कपडे दुसरीकडे टाकायला सुरुवात केली.

आता हिशेब. मॅडमचा लेख छापून आला. दुरुस्ती पाठवायची राहिली, ती अजून सावकाश चालली आहे. बुवा खिडकीकडे बसतात, आणि खेपांचे रकाने आता कधीच काढत नाहीत, कुणी चहा पाजला तरी. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "जावई मेंदूच्या विभागात आहेत," आणि मग थांबतात, तो शब्द जिथे असायचा तिथे. ताईंना भाऊ मिळाला: शेवटपर्यंत बोलणारा, शर्यत न सोडणारा. मास्तरांनी एक पाय दिला, पाठीची कातडी दिली आणि न मागितलेले महिने भोगले. त्यातलं त्यांना किती कळलं, ते कुठल्याही रकान्यात लिहिलेलं नाही. आणि राहिलेलं सगळं, मॅडमचं, ताईंचं, दाराजवळच्या खुर्चीवरच्या माणसाचंसुद्धा, वहिनींच्या नावावर चढलं आहे, कारण ते ठेवायला दुसरी जागा कुणी केली नव्हती.